रातकिड्यांचा बंदोबस्त

८ जानेवारी, सकाळ

चि. खटपट्या यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बाबा बरे आहेत, मी बरी आहे, शिलाईमशीनही बरं आहे. तू कसा आहेस ते फोनवर विचारायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या त्या मेकॅनिक मित्राकडून मिळवला. आधी देईना. मग म्हटलं, तुझ्या पँटची चेन मी बसवून देणार नाही, तेव्हा निमूटपणे दिला. त्याच्यावर डाफरू नकोस.

पत्राचं कारण एकच. तू गेलास, पण तुझे रातकिडे इथेच राहिले.

मागच्या खोलीत, डब्यांत होते तोवर निदान एका दिशेने आवाज यायचा. आता चहूकडून येतो. ओट्याखाली एक आहे, मोरीत आहेत, कपाटामागे आहेत. आणि एक कुठे आहे ते देवालाही ठाऊक नसेल. मी जवळ गेले की चिडीचूप. सुई हातात घेतली की सुरू. रफू म्हणजे काय काम असतं तुला माहीत आहे, एकेक धागा नजरेने उचलावा लागतो. त्यात कानाशी कोणीतरी कानस घासत बसलंय. काल एका वकिलांच्या कोटाचं भोक बुजवताना तीनदा उसवलं. बाहेर थंडी आहे म्हणून ते बाहेर जात नाहीत, आणि दिवसाही पडदे ओढलेले असले की त्यांना तो अंधार पुरतो.

झाडू घेऊन मागे लागले. चप्पल मारून पाहिली. चप्पल एकीकडे पडते, तो दुसरीकडे उडतो. झुरळांचा फवारा आणला. रातकिड्याला काही झालं नाही, मीच दिवसभर खोकत होते.

बाबांना म्हटलं, "अहो बाबा, ह्या रातकिड्यांचं काहीतरी करा ना." तर पेपर खाली करून माझ्या तोंडाकडे बघत म्हणतात, "कसले रातकिडे? दिसत तर नाहीत." त्यांच्या खुर्चीखालीच मैफल रंगली होती!

त्या दिवशी तू मला जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. पहिली मोठी ऑर्डर होती तुझी, पक्ष्यांच्या दुकानदाराने पाखरांच्या खाद्यासाठी सगळे किडे घ्यायचा शब्द दिला होता, एवढे महिने त्या किड्यांना गाजरं चिरून घालत होतास. रिकामे डबे बघून माणसाचं डोकं फिरणारच. "एक दिवस सगळे डबे उघडून टाकीन" असं मी म्हणाले होते, हेही खरं. शंभरदा म्हणाले असेन. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं. डबे मी उघडले नाहीत. तेव्हा तुला हे सांगितलं नाही, आता सांगते. त्याच्यापुढे मला काही विचारू नकोस.

तू ते पाळलेस, तुला त्यांची नस माहीत. हे घराबाहेर कसे काढायचे तेवढं कळव. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

चि. खटपट्या यास,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, सहीसुद्धा नाही. औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं: ओल बंद कर. ऊब बंद कर. खोकी फेक. फटी बुजव. मागच्या दाराचा दिवा बदलून पिवळा लाव. वाचून हसू आलं. लहानपणीही तू रुसलास की असाच बोलायचास, एका वेळी दोन शब्द.

पण सांगितलंस ते खरं निघालं. मोरीतला नळ किती दिवस ठिबकत होता, आपण सगळ्यांनी कानाआड केलं होतं. वायसर बदलला. ओट्याखालच्या कपाटात पाइपाभोवती बोट जाईल एवढं भोक निघालं, ते सिमेंटने लिंपलं. मागच्या दाराखाली ब्रशची पट्टी ठोकली. तुझी ती अंड्यांच्या ट्रेची चळत आणि खोकी अंगणात नेऊन जाळली, आणि जाळताना त्यांतून जे काही उड्या मारत बाहेर पडलं ते बघून शेजारीण आत पळाली ती अजून बोलत नाही. दिवा पिवळा केला. आता मागचं अंगण कावीळ झाल्यासारखं दिसतं.

हार्डवेअरच्या दुकानदाराने चिकट पुठ्ठे दिले. भिंतीच्या कडेने लावून ठेव म्हणाला, ते भिंतीच्या कडेनेच चालतात. लावले. पहिल्या दिवशी सापडली ती बाबांची चप्पल. पुठ्ठ्यासकट फरफटत ते बैठकीत आले आणि म्हणाले, "ही कसली नवीन चप्पल शिवलीस?" बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो. नंतर मात्र पुठ्ठ्यांवर चांगलेच सापडू लागले. बरणीत साखरेचं पाणी घालून ठेवते, त्यातही पडतात. किडे मारायची पांढरी पावडरही त्याने दिली होती, ती मी लावली नाही. बाबा खाली पडलेलं बिस्कीट उचलून खातात.

कमी झालेत. गेले नाहीत.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. बँडवाल्यांचे डगले माझ्याकडे दुरुस्तीला आले होते, ते लाल, सोनेरी पट्ट्यांचे. गठ्ठा बांधून मागच्या खोलीत ठेवला होता. काल सोडला तर कॉलरी खाल्लेल्या! कॉलरी आणि काखा. जिथे माणसाचा घाम मुरतो नेमकं तिथेच. बँडमास्तरांना काय तोंड दाखवू? लग्नसराईत डगल्यांवाचून बँड म्हणजे नुसता गोंगाट. हात कामाला लागत नाहीत. उठते, खिडकीशी जाते, परत बसते. पुन्हा किरकिर सुरू होते, पुन्हा उठते.

कार्डाच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलंस: "घरच्या फोनवर फोन केला होता. बाबांनी ठेवून दिला. समजलो."

मी त्यांना विचारलं. म्हणाले, "आला होता एक. कोणीतरी मुका माणूस होता. हॅलो हॅलो करून दमलो, ठेवला." मी म्हटलं, "मुका नव्हता, तुमचा मुलगा होता." पेपरची घडी घातली, उठले आणि आत गेले.

ह्याचा अर्थ तुला लावायचा तो लाव. मीही एक लावलाय. तो कागदावर उतरवायचं धाडस होत नाही.

काल चहा पिताना ते एकदम म्हणाले, "किती शांत झालंय गं आपलं घर." त्या वेळी खुर्चीखाली एक तार स्वरात ओरडत होता. मला वाटलं, टोमणा मारताहेत. तुझ्यावर, का माझ्यावर, कोण जाणे. मी कप उचलून मोरीत नेला.

गरम कपडे आहेत ना तुझ्याकडे? तो निळा स्वेटर इथेच राहिलाय. त्याला काही झालेलं नाही, मी आधीच पेटीत घातला.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

आज आशीर्वाद वगैरे शेवटी. हे पत्र नीट बसून वाच. उभ्या-उभ्या वाचू नकोस.

काल बँडमास्तर आले. त्यांचा आवाज दाराच्या आधी घरात येतो, तुला ठाऊकच आहे. बाबा खुर्चीतून ताडकन उठले, "या, या मास्तर!" आणि दोघांची अशी काही जमली, बाबांच्या छापखान्यातल्या जुन्या गोष्टी काय, कुठल्या वरातीत घोडा कसा उधळला ते काय. मी आतून बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत बाबा माझ्याशी एवढं बोललेले नाहीत. म्हटलं, मी जेवायला घालते, कपडे धुते, आणि गप्पा मात्र परक्याशी.

शेवटी धीर करून डगले पुढे ठेवले. मास्तरांनी कॉलरीतून बोट आरपार घातलं.

"हे कोणी खाल्लं?"

"रातकिड्यांनी. माझीच चूक, गठ्ठा तिथे ठेवायला नको होता. सगळे रफू करून देईन, कळणारसुद्धा नाही."

ते छप्पर उडेल असे हसले. "वाजवणाऱ्यांचे डगले वाजवणाऱ्यांनीच खाल्ले! द्या करून, घाई नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाबांच्या खुर्चीखाली तो नेहमीचा सुरू झाला. मास्तर बोलता बोलता थांबले. वाकून खुर्चीखाली बघितलं, मग बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे बशीत चहा ओतत होते. मास्तर उठले, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि आपल्या घरात आपण बोलतो तेवढ्या आवाजात म्हणाले, "काका, तुमच्या धोतराला आग लागलीय."

बाबांनी चहाचा घोट घेतला. धोतर तर ते नेसतच नाहीत, पण ते राहू दे.

मी मास्तरांना सोडायला बाहेर गेले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या ड्रमवाल्याचं असंच झालं. बारीक आवाज आधी जातात. शिट्टी, घंटी, हे किडे. जाड आवाज मागे राहतात. माझा घसा फुटका म्हणून माझ्याशी बोलतात ते. तुमचा आवाज बारीक आहे, बाई. त्यांना तुम्ही नुसत्या ओठ हलवताना दिसत असाल."

मी तिथेच पायरीवर बसले.

आयुष्यभर छापखान्याच्या मशीनशेजारी उभा राहिलेला माणूस. आपल्याला कसं सुचलं नाही रे? मी एखादी गोष्ट विचारायची, त्यांनी "हं" म्हणायचं, मला वाटायचं, कंटाळले मला. तू फोनवर बोललास, त्यांना तू मुका वाटलास. आणि "घर शांत झालंय" म्हणाले तो टोमणा नव्हता. त्यांच्यासाठी ते खरंच शांत होतं.

आत गेले. त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि जाड आवाज काढून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

आधी रागावले. "कोण म्हणतं?" मग मास्तर गेले त्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हा पोरांना कशाला सांगायचं? आधीच घरात बसून खातोय."

मी विचारलं, "त्या दिवशी डबे तुम्हीच उघडलेत ना?"

हो, खटपट्या. मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या दुपारी मी कपडे पोचवून घरी आले तेव्हा बाबा मागच्या खोलीतून बाहेर येत होते, हातात जाळीचं झाकण होतं आणि चेहरा पांढराफटक. मला बघताच झाकण पाठीमागे लपवलं. संध्याकाळी तू येऊन माझ्यावर तुटून पडलास तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मी तोंड शिवून घेतलं. तू मला शिव्या देऊन गेलेलं परवडेल, पण बापाला शिव्या देऊन जाऊ नयेस, असं वाटलं. कारण मला वाटलं होतं की त्यांनी ते मुद्दाम केलं. तू धंदा सुरू केलास तेव्हा ते काय म्हणाले होते ते आठवतं ना? "विकायला काही मिळेना म्हणून माणसं किडे विकतात का?" मला वाटलं, त्यांनी हट्टाने तुझं सोन्यासारखं काम उधळलं. एवढे दिवस मी त्यांना ताट वाढत होते आणि मनातून त्यांचं तोंड बघत नव्हते.

आता ते काय म्हणाले ते ऐक. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तो सकाळी जाताना मला सांगून गेला. म्हणाला, बाबा, आवाज चालू आहे ना तेवढं बघा. आवाज थांबला तर समजा त्यांना थंडी लागली, लगेच ऊब द्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून, कानाशी येऊन म्हणाला, म्हणून ऐकू आलं. पहिल्यांदाच त्याने काहीतरी काम माझ्यावर सोपवलं होतं. मी जाऊन बघितलं. आवाज नाही. डब्याला कान लावला. नाही. दुसऱ्या डब्याला लावला. एकाचाही आवाज नाही. मला वाटलं, संपलं, माझ्या हातून पोराचे सगळे किडे मेले. धावत जाऊन पाणी गरम केलं, रबरी पिशव्या भरल्या, झाकणं काढून एकेका डब्यात ठेवल्या. ट्रेच्या आड काही हलताना दिसेना, आवाजही नाहीच. म्हणून झाकणं उघडीच टाकून आणखी गरम पाणी आणायला गेलो. परत आलो तर सगळी खोली उड्या मारत होती."

पुढे म्हणाले, "हातांनी पकडायला गेलो. हातात येतात होय ते?"

मी विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाहीत?"

म्हणाले, "काय सांगू? तुझे किडे ओरडत होते आणि मला ऐकू आलं नाही, हे सांगू?"

हे सांगताना ते रडले नाहीत, मीही नाही. पण त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, ओंजळ करून, अजून पकडताहेत असे. मी ते हात धरून खाली आणले.

तू मला जे बोललास ते मी माफ केलंय, त्याची चिंता सोड. मी त्यांच्याबद्दल जे मनात धरलं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. त्यांना ते माहीतच नाही, म्हणून माफीही मागता येत नाही. तुला सांगितलं, एवढंच हलकं वाटतं.

आता आशीर्वाद. आणि उत्तर लिही. ह्या वेळी दोन शब्दांत भागणार नाही.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. दोन शब्दांत भागणार नाही म्हटलं होतं, तर तू एक ओळ लिहिलीस. "फोनवर ऐकू येत नसेल तर मी बाबांशी बोलू कसा?" मी ते बाबांच्या हातात दिलं. चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग कागद उलटा करून पाठीमागे आणखी काही आहे का ते बघितलं. नंतर उठले आणि कोट चढवू लागले. म्हटलं, "कुठे निघालात?" तर म्हणाले, "कानवाल्याकडे. चल."

कानवाल्या डॉक्टरांनी त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ठेवायला काहीतरी दिलं आणि आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी काचेतून बघत होते. बोट बराच वेळ मांडीवरच होतं. मधूनच ते माझ्याकडे बघायचे, परीक्षेत पोर बघतं तसे. उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे. डाव्यात जवळजवळ काही राहिलेलं नाही.

ऐकू यायचं मशीन कानात बसवून त्यांना घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी हैदोस. भांडं आपटलं की दचकतात. नळ सोडला की "बंद कर तो धबधबा." मी कामाला बसले तर धावत आले, "हेच का गं ते रातकिडे?" म्हटलं, "नाही बाबा, हे माझं शिलाईमशीन. तेल घालायला हवं." त्यांनीच तेल घातलं. छापखान्याचे हात, अजून विसरलेले नाहीत.

रातकिडे गेले. शेवटचा कधी गेला कळलंच नाही. पुठ्ठे आठवडाभर कोरे निघाले तेव्हा काढून टाकले. फटी मात्र मी अजून बघत फिरते, सवयच लागलीय. कुठे काही खुट्ट झालं की पाय आपोआप तिकडे वळतात. डगले रफू करून दिले. मास्तरांनी उजेडात धरून भोकं शोधली, सापडली नाहीत.

आता खरी बातमी. रविवारी सकाळच्या बसने बाबा तुझ्याकडे येत आहेत. एकटे. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, "तू आलीस की तूच बोलशील." म्हणून मी येत नाही. बस दुपारी जेवणाच्या सुमाराला पोचते. स्टँडवर लवकर जा, गर्दीत मशीनमध्ये नुसता कल्ला होतो आणि ते गांगरून जातात. हाक मारू नकोस, समोर जाऊन उभा राहा. उजव्या बाजूने चाल. बोलताना तोंड त्यांच्याकडे ठेव, ओरडू नकोस, भरभर बोलू नकोस. एखादी गोष्ट कळली नाही तर ते हसून "हं" म्हणतील. त्या "हं"वर विश्वास ठेवू नकोस, पुन्हा सांग.

तुझ्याशी काय बोलणार आहेत ते मी विचारलं नाही. तू परत यावंस की तिथेच बस्तान बसवावंस, हेही मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

काल सरावासाठी त्यांना स्टँडवर नेलं होतं. हॉर्न, फेरीवाले, कंडक्टरांच्या हाका. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. मला दया आली. समोर उभी राहून सुटं सुटं म्हटलं, "बाबा, प्रवासात मशीन काढून खिशात ठेवा. तो भेटला की लावा. आणि हे बघा, तो चिडलेला आहे, काहीबाही बोलेल. नाही लावलं तरी चालेल."

त्यांनी हात खाली घेतले. म्हणाले, "नाही. लावूनच जाणार. शिव्या दिल्या तरी चालतील, पण ऐकू आल्या पाहिजेत."

त्यांना सांभाळून उतरवून घे.

तुम्हा दोघांची,
ताई